रस्त्याकडचं दार

चिंचणहाळच्या अभ्यासिकेचं दार कुणी पळवलं नाही. कुणी मुद्दाम बुजवलंही नाही. ते सरकत गेलं. आधी हातभर, मग भिंतभर, आणि शेवटी सगळ्या इमारतीला वळसा घालून मागच्या बोळात जाऊन उभं राहिलं. ते सरकताना ज्याचं ज्याचं बोट त्याला लागलं, त्या प्रत्येकाकडं सांगण्यासारखं एक शहाणं कारण होतं. बिनकारणाचं पाप करायला छाती लागते. कारण असलेलं पाप ऑफिसात बसून, चहा पिता पिता होऊन जातं.

समता बेळगावात, खानापूर रोडला, नागेंद्र सरांच्या आर्किटेक्ट ऑफिसात कामाला होती. हुद्दा ‘डिझाईन कोऑर्डिनेटर’. हे काय असतं ते गावी तिच्या थोरल्या आईला, पारूबाईला, समजावताना तिची एकदा चांगलीच दमछाक झाली होती.

“म्हंजी तू घर बांधतीस?”

“नाही गं. बांधतो कंत्राटदार.”

“मग नकाशा काढतीस?”

“तो सर काढतात. खांबांचा जिनेंद्र इंजिनिअर काढतात. लाईटचा आणि कुणीतरी.”

“मग तू दिसभर करतीस काय?”

“ह्याचा नकाशा त्याला दाखवते, त्याचा ह्याला. भिंत खांबावर येऊ नये, पाइप तुळईत घुसू नये. सगळ्यांचं जुळलं की मालकाला दाखवायचं. मालक हो म्हणाला की काम पुढं.”

पारूबाईनं जरा विचार केला. “लगीन जुळवणारी बाई हाईस की मग.”

“व्हय. आणि दोन्हीकडनं शिव्या खाणारी.”

त्यावर सोप्यात बसलेले थोरले आप्पा मोठ्यानं हसले होते. आण्णाप्पा त्यांचं नाव, पण वस्तीत सगळे आप्पाच म्हणत. समताचा बाप ती लहान असताना गेला. तिला शिकवलं ते ह्या चुलत्यानं, पाठीवर ओझी वाहून.

ओझी म्हणजे तंबाखूची. निपाणीतल्या एका वखारीत आप्पा हमाल होते. त्या वखारीला दोन दारं. पुढचं रस्त्यावर, गादी-तक्क्याचं. मागचं बोळात. आप्पा ही गोष्ट कधी रागानं सांगत नसत, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याच्या पोटात ती जास्त खोल जायची. तंबाखूनं भरलेलं बोद पाठीवर असलं की पुढच्या दारानं बाहेर पडायचं, कारण ट्रक तिथं उभा. बोद ट्रकात टाकलं, पाठ मोकळी झाली, की परत पुढच्या दारानं आत यायचं नाही. वळसा घालायचा. बोळाच्या तोंडाशी पायातलं काढून हातात घ्यायचं आणि मागनं आत. “पाठीवर तंबाखू हुती तवर मी पुढच्या दाराचा माणूस,” आप्पा म्हणायचे. “तंबाखू उतरली की बोळातला.”

वखार बंद पडली, मालकाची पोरं कुठं कुठं गेली. आप्पांनी मात्र आयुष्यात एक गोष्ट केली. गावातनं जो मोठा रस्ता जातो, त्याला लागून असलेला एक तुकडा त्यांनी विकत घेतला. त्यावर घर बांधलं नाही. स्वतः राहिले मागच्या वस्तीतच, पत्र्याखाली. तुकडा मोकळा ठेवला आणि म्हातारपणी वस्तीच्या कमिटीला देऊन टाकला, पोरांच्या अभ्यासिकेसाठी. देताना अट एकच. तोंडी. कागदावर घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण आप्पांचा शब्द आणि वस्तीचा शब्द ह्यात कागद घालणं म्हणजे आप्पांचा अपमान झाला असता.

“दार रस्त्यावर पायजे. मोठं. आपलं पोरगं पुस्तक घ्यून पुढच्या दारानं आत जाताना मला समोरच्या कट्ट्यावर बसून बघायचं हाय. बास.”

दाराची चौकट तर त्यांनी इमारतीच्या कितीतरी आधी करून ठेवली होती. कणकुंबीकडचं लाकूड, नंदगडच्या भरमू सुताराचा हात. दोन माणसं खांद्याला खांदा लावून आत जातील एवढी रुंद. भरमू मरून गेला तरी चौकट आप्पांच्या सोप्यात आडवी पडून होती, खाली विटा घालून, वर पोतं पांघरून. पारूबाई तिला सवत म्हणायची.

पहिला नकाशा काढायच्या आधी समता नागेंद्र सरांना घेऊन गावी आली होती. आप्पांनी काठीनं मातीत चौकोन ओढला, रस्त्याच्या अंगाला मधोमध दोन रेघा मारल्या आणि सरांकडं बघितलं. सर कानडीत होकार देत म्हणाले, “आयतु आप्पा, मधोमध.” ऑफिसात गेल्यावर त्यांनी नकाशा तसाच काढला. तीन रुंद पायऱ्या, वर मोठं दार. समतानं त्याची छापील प्रत आणली, आप्पांनी ती भिंतीला खिळ्यानं ठोकली. तिथून पुढं आप्पांच्या दृष्टीनं नकाशा म्हणजे तो एवढाच.

पण इमारतीचा नकाशा भिंतीवर थांबत नाही. तो फिरतो. फिरला की बदलतो. प्रत्येक बदलाला रिव्हिजन म्हणतात आणि ती सगळ्यांना पाठवून सगळ्यांचं हो घेणं हेच समताचं काम होतं.

आधी रस्ता रुंद होणार असं कळलं. पायऱ्या मागं घ्याव्या लागल्या. त्यात वाईट काय? काही नाही. मग रस्त्याच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर हलणार नाही असं कळलं, आणि त्याच्या तारांपासनं अंतर सोडायचं म्हणून दार मधनं डाव्या टोकाला गेलं. तेही ठीक. दार होतं तर रस्त्यावरच. मग कमिटीचा सेक्रेटरी यशपाल, समताचा लांबचा चुलतभाऊ, संकेश्वरला हायस्कुलात मास्तर, त्यानं मिटिंगीत विषय काढला की अभ्यासिका बांधून होईल, पण चालणार कशावर? लाईट बिल कोण भरणार? रस्त्याच्या अंगाला दुकानगाळे काढले तर भाड्यावर अभ्यासिका चालेल आणि वस्तीतल्या पोरांना धंदाही मिळेल. सगळ्यांनी माना हलवल्या. समतानंही हलवली. गाळे आले, आणि दार होतं त्या डाव्या टोकाला एक अरुंद पॅसेज उरला. गाळ्यांच्या मधनं आत जायचं. मग जिनेंद्र इंजिनिअरांनी वरच्या टाकीचा भार घेणारा कॉलम दाखवला, तो नेमका पॅसेजमध्ये येत होता. नागेंद्र सरांनी पेन्सिल फिरवली.

“पॅसेज काढून टाक. दार मागनं घेऊ. तात्पुरतं. पुढच्या रिव्हिजनमध्ये बघू.”

तात्पुरतं. ह्या एका शब्दाखाली जगात किती इमारती उभ्या आहेत कुणास ठाऊक. पॅसेजच्या जागी संडास बसले. संडासाच्या हिशोबानं पाइप आले. पाइपाच्या हिशोबानं जिना सरकला. प्रत्येक नवा नकाशा आधीच्या तात्पुरत्यावर पाय देऊन उभा राहिला, आणि बघता बघता तात्पुरतं हेच पायाचा दगड झालं.

समताला हे दिसत नव्हतं असं नाही. ती बदलाची टिपणं लिहायची. मागच्या दाराचं कारण म्हणून तिनं एक वाक्य लिहिलं होतं, “वापरणाऱ्यांची ये-जा प्रामुख्याने मागील वस्तीतून असल्याने.” वाक्य तिला तेव्हा नेटकं वाटलं होतं. वखारीच्या मालकालाही असंच वाटत असणार, हे तिच्या डोक्यात यायला फार उशीर झाला.

ऑफिसचा नियम असा होता की नकाशा मालकाला पाठवायचा आणि मुदतीत हरकत आली नाही तर तो मान्य धरायचा. इथं मालक म्हणजे कमिटी, आणि कमिटी म्हणजे व्हॉट्सॲपचा एक ग्रुप. समता नकाशा टाकायची. खाली धडाधड उत्तरं यायची. जय भीम ताई. जोडलेले हात. निळी फुलं. ‘आमच्या वस्तीचा अभिमान.’ नकाशा कुणी उघडायचं नाही. आपल्या पोरीनं पाठवलेला कागद तपासायचा म्हणजे तिच्यावर संशय घ्यायचा, असं वस्तीला वाटायचं. समताला हे पुरतं ठाऊक होतं. तरी ती दर वेळी मालकाच्या होकाराच्या रकान्यात लिहायची, ‘मान्य’. मागच्या दाराचा नकाशा टाकला त्या दिवशी मात्र ती फोन हातात धरून बसून राहिली. कुणीतरी विचारावं, एकानं तरी म्हणावं, ताई, दार कुठं गेलं? जय भीम आले. हात आले. फुलं आली. संध्याकाळी तिनं ‘मान्य’ लिहिलं आणि घरी गेली.

आप्पांकडं तसला फोन नव्हता. पण ते रोज साईटवर जायचे, रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर बसायचे. मग त्यांना कळलं कसं नाही?

ह्याचं उत्तर त्यांच्या वयात आहे. आप्पांनी आयुष्यात जेवढी घरं उठताना बघितली, त्या सगळ्यांत जोतं झालं की पहिली उभी राहायची ती चौकट. माणसं बोलवायची, फुलं वाहायची, चौकट उभी करायची, आणि मग तिला धरून भिंत वर यायची. दार ठरतं ते चौकट उभी राहते त्या दिवशी, त्याआधी नाही. इथं आधी खांब उठले, मग स्लॅब पडला. आप्पा बघत होते आणि मनात म्हणत होते, अजून चौकटीला बोलावलं नाही म्हणजे दाराचं अजून व्हायचंय. पुढं शटरचे सांगाडे बसले तेव्हाही ते कुणाला म्हणाले, हे पत्र्याचे आडोसे असतील, माल चोरीला जाऊ नये म्हणून. मागच्या बोळातलं भोक त्यांना सामान नेण्यापुरतं वाटलं, आणि मग ते चौकटीला तेल लावत घरीच बसू लागले, कट्ट्यावर जाणं राहिलं. नव्या रितीत दार कागदावर सगळ्यात आधी ठरतं आणि जागेवर सगळ्यात शेवटी बसतं. जुन्या रितीचा माणूस शेवटाची वाट बघत राहिला आणि ठरायचं ते कधीच ठरून गेलं.

मग एके दुपारी पारूबाईचा फोन आला.

“समे, आप्पा इचारत्यात, चौकट कवा आणायची? तेल लावून लावून माझं घर घसरडं केलंय.”

“सांगते,” समता म्हणाली आणि तशीच नागेंद्र सरांच्या टेबलापाशी गेली.

“सर, चिंचणहाळचं दार पुढं घ्यायला पाहिजे.”

“कुठलं दार?”

“मेन.”

“मेन मागं आहे ना.” सरांनी स्क्रीनवरनं मान वर केली नाही. “तूच फायनल करून घेतलंस.”

“तात्पुरतं म्हणाला होता तुम्ही.”

आता त्यांनी मान वर केली. माणूस वाईट नव्हता. हे काम त्यांनी एक पैसा न घेता केलं होतं. “समता, खरं सांगू? चांगलंच झालंय ते. रस्त्याचा आवाज नाही, धूळ नाही. अभ्यासाला शांत. आणि मुलं येणार मागच्या वस्तीतनं. वळसा घालून पुढनं कोण येईल?”

“आप्पांनी जागा त्याच अटीवर दिली होती.”

“मग क्लायंटनं हरकत का नाही घेतली? दर वेळी मान्य आलंय.”

मान्य कुणाच्या अक्षरात आलं होतं ते दोघांनाही माहीत होतं.

“कमिटी हो म्हणाली तर मी नाही म्हणणार नाही,” सर जरा हळू आवाजात म्हणाले. “जा, विचार त्यांना.”

तिनं आधी जिनेंद्र इंजिनिअरांना फोन लावला. बोरगावकडचे ते, मोजकं बोलणारे. म्हणाले, “दोन नंबरचा गाळा सोडा. मागची भिंत विटांची आहे, माझ्या कॉलमला काही होत नाही. पुढं शटर काढलं की दार. सकाळी सांगितलंत तर दुपारी स्केच देतो.”

एवढं सोपं होतं. एक गाळा. समता बसनं गावी जाताना संकेश्वर मागं पडलं, उसाच्या गाड्या मागं पडल्या, आणि तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

दोन नंबरचा गाळा भीमरत्नला दिलेला होता. वस्तीतलाच पोरगा, मोबाइल दुरुस्त करायचा. शटरवर रंगाऱ्यानं त्याचं नाव लिहूनही टाकलं होतं, निळ्या अक्षरात. यशपाल आणि तो दोघं साईटवरच भेटले. समतानं सांगितलं.

“आप्पास्नी मी सांगितलंय,” यशपाल म्हणाला.

“काय सांगितलंस, दादा?”

“काम बेस चाललंय म्हणून.”

“दाराचं?”

“ते तू सांगशील वाटलं. नकाशे तू पाठवत हुतीस.”

“तुम्ही बघत होता की नाही?”

“न्हाय बघितलं.” यशपालनं हे मान खाली न घालता सांगितलं. “तू हाईस म्हणून न्हाय बघितलं. दुसरा कोण असता तर फुटपट्टी लावून बघितलं असतं.”

कानाखाली मारली असती तर बरं, असं तिला झालं.

भीमरत्न इतका वेळ शटरच्या कडीशी खेळत होता. “आक्का, मी दुसऱ्याच्या कट्ट्यावर टेबल मांडून लई वरसं काढली. गिऱ्हाईक हाय म्हणून त्यो बसू देतो, सणासुदीला उठवतो. आता माझं नाव लिवलंय हितं. रस्त्यावर.” त्यानं तिच्याकडं बघितलं. “रस्त्यावर आपलं शटर म्हंजी रस्त्यावर आपलं दार न्हवं व्हय?”

तो खोटं बोलत नव्हता. हीच तर अडचण होती. सगळ्या प्रकरणात एकही माणूस खोटं बोलत नव्हता. रस्तेवाले खरे, वीजवाले खरे, कॉलम खरा, लाईट बिल खरं, भीमरत्नचं पोट तर सगळ्यात खरं. इतक्या खऱ्या माणसांनी मिळून एका म्हाताऱ्याला बोळात ढकललं होतं.

“तूच आप्पास्नी सांग,” यशपाल म्हणाला. “ते म्हणाले तर गाळा सोडू. त्यांच्या शब्दाभाईर कोण न्हाय.”

हा शहाणपणा होता की भित्रेपणा? दोन्ही. आप्पा कुणाचं काही हिसकावून घेणार नाहीत हे वस्तीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

ती घरी गेली तेव्हा आप्पा सोप्यात उकिडवे बसून चौकटीला अळशीचं तेल लावत होते. जुन्या धोतराचा बोळा, शेजारी वाटी. लाकूड असं चमकत होतं की त्यात त्यांचा हात दिसायचा.

“आलीस? लांब बस. तेलाचा हात हाय, कापडं खराब हुतील.”

“आप्पा, दाराचं जरा बोलायचं हुतं.”

“बोल की.”

“दार जरा… बदललंय.”

“बदलू दे.” त्यांनी बोळा वाटीत बुडवला. “ट्रान्सफॉर्मरचं मला म्हाईत हाय. डावीकडं घ्यावं लागलं म्हण. डावं काय आन् उजवं काय. रस्ता दिसला म्हंजी झालं. भिंतीवरचा कागद मी रोज बघतो गं, पाठ झालाय मला.”

भिंतीवर तो पहिला नकाशा होता. कडा पिवळ्या पडलेल्या, तीन पायऱ्या, वर मधोमध दार. समता त्याच्याकडं बघत राहिली. सांगायचं वाक्य तयार होतं. तोंडात होतं. पारूबाई चुलीपासनं उठून उंबऱ्यात येऊन उभी राहिली. तिनं समताच्या तोंडाकडं बघितलं आणि बाईला बाई कळते तसं तिला सगळं कळलं.

“सांगाय आलतीस त्ये सांगून जा, पोरी,” ती हळूच म्हणाली.

“चौकट कवा आणायची तेवढंच सांग,” आप्पा म्हणाले.

“येत्या पौर्णिमेला,” समता म्हणाली. आणि बस चुकेल म्हणून उठली. चहासुद्धा घेतला नाही.

पौर्णिमेला सकाळीच सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत आली. मागच्या दारापाशी टेबल मांडून त्यावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, मोगऱ्याची फुलं. परशराम मिस्त्री भिंतीत सोडलेल्या भोकापाशी सिमेंट कालवून तयार. सगळे आप्पांची वाट बघत बोळात उभे होते, कारण आप्पांचं घर त्याच बोळाच्या दुसऱ्या टोकाला. चार पावलांवर.

आप्पा बोळातनं आलेच नाहीत. त्यांनी चौघांच्या खांद्यावर चौकट दिली आणि उलटीकडनं, सगळ्या गावाला वळसा घालून, मोठ्या रस्त्यानं आणली. स्वतः पुढं. धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरा पटका, पायात नव्या कोल्हापुरी. वाटेत दुकानदार उठून बघत होते. कुणी विचारलं, “काय आप्पा, कुणाचं दार?” तर ते सांगत होते, “आमचं.”

इमारतीसमोर आल्यावर म्हणाले, “ठिवा.”

चौघांनी चौकट दोन नंबरच्या शटरला टेकवली. आप्पांनी इकडनं तिकडं बघितलं. एक शटर, दुसरं शटर, तिसरं. मग वर. मग पुन्हा शटर. माणसं बोळातनं धावत पुढं आली.

“दार कुठाय?” आप्पांनी विचारलं.

सगळ्यांनी समताकडं बघितलं. इतक्या मिटिंगा झाल्या, पण इतकं एकमत कधी झालं नव्हतं.

“मागं हाय, आप्पा.”

“मागं?”

“बोळात.”

म्हाताऱ्याचा चेहरा बदलला नाही. तो बदलला असता तर समताला सोसलं असतं. फक्त त्यांचा हात चौकटीच्या कडेवरनं वरनं खाली फिरला, बैलाच्या मानेवरनं फिरवावा तसा.

“आप्पा, अजून हुतंय,” ती घाईनं म्हणाली. “हा गाळा सोडला की इथंच दार हुतंय. इंजिनिअर हो म्हणालेत. तुम्ही फक्त म्हणा. मी बघते बाकीचं.”

आप्पांना लिहिता येत नसलं तरी वाचता येत होतं. त्यांनी शटरवरची निळी अक्षरं एकेक करून वाचली. मग गर्दीत भीमरत्नला शोधलं. तो मान खाली घालून उभा होता.

“तुझं नाव हाय व्हय रं हे?”

“व्हय, आप्पा.”

“बेस काढलंय.” मग समताकडं वळून म्हणाले, “एका पोराचं दार फोडून माझं दार करू व्हय? न्हाय गं. उचला रं.”

चौघांनी चौकट उचलली. आप्पा मागनं चालू लागले. बोळाच्या तोंडाशी ते क्षणभर थांबले, वाकले, आणि पायातल्या कोल्हापुरी काढून हातात घेतल्या. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. समता त्यांच्या मागंच होती. तिनं ते बघितलं.

चौकट मागच्या भोकात बसेना. बसणारच नव्हती. एकीकडं कॉलम, दुसरीकडं जिना, मधे एका माणसापुरती फट. परशरामनं मोजून बघितलं, पुन्हा मोजलं, आणि फडक्यानं तोंड पुसलं.

“आप्पा, मी निपाणीसनं लोखंडी आणतो. ही ऱ्हाऊ दे. घरात ठिवा.”

“घरात ठिवून काय करू? म्हातारीला सवत झालीया ती.” कुणीही हसलं नाही. “काप हिला.”

“असलं लाकूड कापायचं न्हाय ओ.”

“काप म्हणतो न्हवं. पोरीनं बांधलंय हे. तिचं काम माझ्या लाकडापायी आडायचं न्हाय.”

करवत चालली तेव्हा बोळात दुसरा आवाज नव्हता. वरचा आडवा वासा कापला, खालचा उंबरा कापला. तेल पिऊन पिऊन लाकूड असं घट्ट झालं होतं की भुसासुद्धा काळपट पडत होता. उरलेले दोन तुकडे पारूबाईनं उचलून पदरात घेतले. “चुलीपशी बसायला हुत्याल,” ती म्हणाली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

त्रिशरण झालं. पंचशील झालं. मग सगळे थांबले, कारण पहिलं पाऊल आप्पांचं. चौकट आता एवढी अरुंद होती की त्यांना खांदा जरा तिरका करून जावं लागलं. पाठीवर बोद असल्यासारखे ते वाकून आत गेले. पाठोपाठ समता.

आत ओल्या सिमेंटचा वास होता. आप्पा कुठंही न बघता सरळ चालत रस्त्याकडच्या भिंतीपाशी गेले आणि तिच्यावर तळवा टेकला. पलीकडं भीमरत्नचा गाळा, त्याच्या पलीकडं रस्ता.

“हितं हुतं न्हवं?”

“व्हय, आप्पा.”

ते तसेच उभे राहिले. बाहेरनं एक ट्रक गेला असावा. भिंत नुसती घुमल्यासारखी झाली. आप्पांनी कान लावून ऐकलं.

“आवाज लई येत न्हाय,” ते म्हणाले. जरा थांबून पुन्हा म्हणाले, “पोरास्नी आभ्यासाला बरं. रस्त्याचा तरास न्हाय. बरं केलंस.”

नागेंद्र सरांनी हेच सांगितलं होतं. तिच्या स्वतःच्या टिपणातही जवळपास हेच होतं. इतके दिवस ते कारण तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं, आणि आता ज्याचं दार गेलं तोच ते आपल्या हातानं तिला भरवत होता. तिनं त्यांचा दंड धरला. दंडाला अजून अळशीच्या तेलाचा वास येत होता.

“चल,” आप्पा म्हणाले. “माणसं खोळंबल्यात.”

ते पुन्हा तिरके होऊन त्या दारातनं बाहेर पडले. बाहेर पोरं एकेक करून आत जायला उभी होती, हातात पुस्तकं. आप्पांनी त्यांना वाट दिली, भिंतीला अंग चोरून. मग बोळातनं चालू लागले. चपला हातातच होत्या. बोळाचं तोंड येईपर्यंत त्यांनी त्या पायात घातल्या नाहीत.